आवडाबाई (नोंदणीकृत)

कलियुगात नामस्मरणासारखे सोपे साधन नाही, असे संतमंडळी सांगून गेली आहेत. त्याला सोवळे लागत नाही, भांडवल लागत नाही, आणि फळ मात्र हमखास मिळते. छत्रपती संभाजीनगरच्या व्यापारी वर्गाने हा उपदेश जितक्या श्रद्धेने अंगीकारला, तितका मठांतूनही कोणी अंगीकारला नसेल. फरक एवढाच, की व्यापारी देवाच्या नामाऐवजी शेजारच्या चालत्या दुकानाचे नाम घेतो.

औरंगपुऱ्यातून या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी गेले तरी ही भक्ती नजरेस पडते. एखाद्याची जिलेबी चालली, की वर्षभरात त्याच्या डावीकडे ‘न्यू’ उगवते, उजवीकडे ‘श्री’, आणि समोर ‘ओरिजिनल’. चौथा येतो तो ‘आमची कोठेही शाखा नाही’ अशी पाटी लावतो (चौघांत खरे बोलणारा तेवढा तोच). मूळ जिलेबीवाला यांपैकी कोणीच नसतो. तो भाडे परवडेना म्हणून कधीच गावी निघून गेलेला असतो.

या भक्तिमार्गाशी तनुजाचा संबंध लग्नाच्या दिवसापर्यंत आला नव्हता. ती बी.फार्म. झालेली, सिडकोतल्या एका औषधाच्या दुकानात बसणारी मुलगी. दुकानाच्या भिंतीवर तिचे प्रमाणपत्र चौकटीत लावलेले होते आणि त्यावर ‘तनुजा’ असे ठळक लिहिलेले होते. गिऱ्हाईक गोळ्यांचे पाकीट हातात घेई, वर प्रमाणपत्राकडे बघे आणि मगच पैसे काढी. आपल्या नावाचा जगाला काही उपयोग आहे, असा तिचा त्यामुळे समज झाला होता.

तिचे लग्न ठरले ते राजेंद्रशी. राजेंद्र कन्नड तालुक्यातला. त्याची आई कडूबाई येसर (आमटीत घालायची मसाल्याची भाजणी) असे करी, की आमटीला उकळी फुटली की गल्लीतले लोक आपापल्या घरातून भाकरी घेऊनच निघावेत. त्या येसराच्या, काळ्या मसाल्याच्या आणि कारळाच्या चटणीच्या भरवशावर राजेंद्रने औरंगपुऱ्यात गाळा घेतला होता. माल उत्तम होता. हीच अडचण होती. उत्तम मालाला नाव नसते, आणि ज्याला नाव असते त्याला माल कसा आहे हे कोणी विचारत नाही.

नाव होते ते ‘आवडाबाई मसाले’ या कंपनीचे. सिल्लोड रस्त्यावर तिचा कारखाना. बसस्टँडच्या भिंतींवर, काळीपिवळी जीपच्या पाठीवर, कीर्तनाच्या मंडपावर सगळीकडे आवडाबाई. पुडीवर नऊवारी नेसलेली, नथ घातलेली, कपाळभर कुंकवाची बाई हसत असे. (ही बाई कोण, हे कंपनीतही कोणाला ठाऊक नव्हते. पण पोरीसोरी तिच्याकडे बघून, हिच्या हाताला चव असणारच, असे म्हणत.)

राजेंद्र कायद्याचा आदर करणारा माणूस. म्हणून तो नाव चोरण्याआधी वकिलाकडे गेला. जुनेद वकिलांनी उभे आयुष्य ट्रेडमार्कच्या कामात घातले होते, आणि माणसाने नाव सोडून दुसरे काहीही चोरावे अशा मताला ते आले होते.

“राजेंद्रभाऊ, नाव म्हणजे दुसऱ्याचं वावर,” ते म्हणाले. “बांधावर एक बाभूळ लावली म्हणून वावर आपलं होतं का?”

“न्यू आवडाबाई?”

“नक्को.”

“श्री आवडाबाई?”

“देवाला यात कायको आणता?”

“बरं, ‘आवडाबाईची बहीण’ म्हणलं तर?”

“बहीण कुठंय?”

“आणता यील,” राजेंद्र म्हणाला.

इथे वकिलांनी चहा मागवला आणि त्याला शांतपणे समजावून दिले. ट्रेडमार्क हे एक व्रतच आहे. एकदा घेतले की नेमाने चालवावे लागते, दर दहा वर्षांनी पुन्हा संकल्प करून फी भरावी लागते, आणि मध्येच दुसऱ्या कोणी मोडले तर कोप होतो. तो कोप नोटिशीच्या रूपाने येतो. त्यातून सुटायला कायद्याने एक बारीक फट ठेवली आहे, ती अशी, की माणसाला आपल्या खऱ्या नावाने आपला धंदा करता येतो. पण नाव खरे हवे, धंदा आपला हवा, आणि नियत साफ हवी.

तीन अटी होत्या. राजेंद्र पहिली ऐकूनच जिना उतरला.

आता खऱ्या नावाची आवडाबाई आणायची कुठून? चुलत्या-मावश्यांत एकही नव्हती. कन्नडला एक सापडली, पण तिने धंद्यातला निम्मा वाटा मागितला. अशा वेळी माणसाला आपली संस्कृतीच उपयोगी पडते. आपल्याकडे दर लग्नसराईत, वाजतगाजत, पाहुण्यांच्या साक्षीने, एका जाणत्या बाईचे नाव बदलून दुसरे ठेवता येते. त्याला सरकारी फी नाही, हरकत घेण्याची मुदत नाही, आणि जिचे नाव बदलायचे तिची सही लागत नाही. ट्रेडमार्कच्या कायद्याला जे साधले नाही, ते आपल्या पूर्वजांनी ताटभर तांदळात साधून ठेवले आहे.

तर तनुजाने माप ओलांडले, लक्ष्मीपूजन झाले, आणि तांदळाचे ताट राजेंद्रपुढे आले. त्याने अंगठी हातात घेतली. नाव बदलू नका, असे तनुजाने साखरपुड्यातच सांगितले होते. त्यावर तो “बघू की” म्हणाला होता. (नवरदेवाचे ‘बघू की’ हे नकाराचेच सभ्य रूप असते, हे तिला अजून कळायचे होते.) त्याने ‘आ’ काढला. भोवतीच्या बायांना हुरूप आला.

“आर्या!”

“आरोही असंल गं!”

मग ‘व’ आला. “अवनी लिहायला चुकला,” एक करवली म्हणाली. राजेंद्र चुकला नव्हता. ‘डा’ आला तशी कुजबुज थांबली. ताट भरत आले, आणि ‘बाई’ काठाशी दाटीवाटीने बसवावी लागली.

“अगं बाई,” त्याची मावशी म्हणाली, “ही तर पुडीवरची!”

पेढे वाटले गेले. तनुजाला उखाण्याचा आग्रह झाला. तिने ताटाकडे पाहिले आणि हळू आवाजात उखाणा घेतला:

“चांदीच्या ताटात अंगठी फिरली गोल,
राजेंद्ररावांचं नाव घेते, माझ्या नावाचं काय मोल?”

टाळ्या पडल्या. (उखाण्यात यमक जुळले की अर्थ कोणी तपासत नाही.)

सत्यनारायण झाल्यावर राजेंद्रने तिला सगळी योजना मोठ्या विश्वासाने सांगितली. आता फक्त प्रतिज्ञापत्र करायचे, राजपत्रात नावबदल छापून आणायचा, की कंपनीला बोट ठेवायला जागा राहणार नाही.

“अन् माझं प्रमाणपत्र?” तनुजाने विचारले.

“ते बी बदलून मिळतं. आख्ख्या शहराचं नाव बदललं, तुझं बदलायला काय झालं?”

“शहराला बी.फार्म.ची डिग्री नसते, अहो.”

राजेंद्रला हा मुद्दा किरकोळ वाटला. कडूबाईंनी सुनेच्या पाठीवर हात ठेवला आणि अनुभवाचे बोल सांगितले. “सवय व्हती गं पोरी. पहिलं वरीसभर कुणी हाक मारली तर आपण मागं वळून बघतो, कुणाला बोलावतेत म्हून. मंग वळणं बंद व्हतं.”

सासरे कारभारी यांना या वादात पडायचे कारणच नव्हते. ते पहिल्या दिवसापासून तिला ‘सूनबाई’ म्हणत. हे नाव कोणत्याही कंपनीने नोंदवलेले नाही आणि ते सगळ्यांच्या सुनांना बसते.

सही मात्र तनुजाचीच लागत होती, कारण राजपत्र छापणाऱ्या खात्याला तांदळाचे शास्त्र ठाऊक नाही. तनुजा भांडली नाही. तिने सोळा सोमवार धरले. पहिल्या सोमवारी पूजा झाल्यावर राजेंद्र कागद घेऊन आला, तेव्हा ती सासूला म्हणाली, “आई, संकल्प मी तनुजा म्हणून सोडला. मधीच नाव बदललं, तर फळ कुणाच्या नावावर जमा व्हईल?”

प्रश्न गंभीर होता. उपास करायचा तनुजाने, आणि पुण्य मिळायचे सिल्लोड रस्त्यावरच्या कंपनीला, असा प्रसंग ओढवू शकत होता. कडूबाईंनी गुरुजींना विचारले. असा प्रसंग पूर्वी उद्भवला नसल्याने गुरुजींनी उद्यापनापर्यंत थांबावे असे सांगितले. आणि देवाधर्माच्या कामात कडूबाईंचा शब्द घरात शेवटचा होता.

“उद्यापन झालं, की दुसऱ्या दिवशी सही,” राजेंद्र म्हणाला.

“व्हय,” तनुजा म्हणाली. तिच्याजवळ तेवढेच दिवस होते, आणि त्यापुढे काय करायचे हे तिला ठाऊक नव्हते. दर सोमवारी चुरमा कालवताना तिच्या मनात एकच यायचे, की देवाने मागणे विचारले तर काय सांगावे. लोक मुलगा मागतात, घर मागतात. आपले आपल्याकडेच राहू दे, असे मागायची रीत तिने कोणत्या पोथीत वाचली नव्हती.

राजेंद्र मात्र मुहूर्ताला थांबणारा असला तरी धंद्याला थांबणारा नव्हता. दुकान सुरू झाले. पाटीवर ‘आवडाबाई राजेंद्र यांचे घरगुती मसाले’ असे होते आणि शेजारी तनुजाचा नऊवारीतला, नथ घातलेला, हसरा फोटो. हसण्यासाठी फोटोवाल्याने बरीच खटपट केली होती. घरात सरावाचा नियम लागू झाला. तिला ‘आवडा’ अशीच हाक मारायची, आणि तिने पहिल्या हाकेला ओ द्यायची. पहिल्या महिन्यात ती क्वचितच ओ देई. पुढे पुढे देऊ लागली. एकदा औषधाच्या दुकानात कोणी ‘तनुजा मॅडम’ म्हणाले आणि ती ओ द्यायला विसरली, त्या दिवशी तिला घरी आल्यावर जेवण गेले नाही. (सोमवार नव्हता.)

गिऱ्हाईक मात्र लोटले. पुडीवरची बाई औरंगपुऱ्यात येऊन बसली आहे, अशी वार्ता पसरली. म्हाताऱ्या बायका दुकानात येऊन तिला डोळे भरून बघत आणि म्हणत, “पुडीवर लई वयस्कर दिसती गं तू.”

कोप व्हायचा तो झाला. नोटीस आली. राजेंद्र ती घेऊन जुनेद वकिलांकडे गेला आणि त्यांनी ती वाचण्याआधी पाटीचा फोटो पाहिला. मग चष्मा काढून बराच वेळ पुसला.

“भाऊ, मी तुम्हाला तीन अटी सांगितल्या होत्या.”

“पहिली पुरी केली की.”

“अल्ला रहम करो,” वकील म्हणाले, आणि वकीलपत्र काढले.

असे वाद कोर्टात जाण्याआधी मध्यस्थीला जातात. खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या, एक कूलर आणि निवृत्त न्यायाधीश असलेल्या मध्यस्थ मॅडम. कंपनीतर्फे व्यवस्थापक विश्वजीत आले होते. त्यांना फार राग आलेला नव्हता, त्यांना भीती वाटत होती. कंपनीची आवडाबाई कागदाची, आणि इथे समोर हाडामांसाची, खाणारी-पिणारी आवडाबाई बसलेली. उद्या ही रस्त्यावर कोणाला उलटून बोलली तर कारखान्याचा खप पडायचा.

“यांचं नाव आवडाबाई असल्याचा पुरावा?” विश्वजीतनी विचारले.

“तांदळात लिहिलंय,” राजेंद्र म्हणाला. “दोनशे माणसांनी बघितलं.”

“ते तांदूळ कुठे आहेत?” मॅडमनी विचारले.

“त्याची खीर केली,” कडूबाई म्हणाल्या. पुरावा नष्ट केल्याची इतकी प्रांजळ कबुली त्या खोलीत पूर्वी कोणी दिली नव्हती.

मॅडम तनुजाकडे वळल्या. “तुम्ही सांगा. तुमचं नाव काय?”

प्रश्न शाळेत पहिल्या दिवशी विचारतात तोच होता. तनुजाने राजेंद्रकडे पाहिले. तो ओठांनी ‘आ’ करून दाखवत होता. ‘तनुजा’ म्हटले तर नवऱ्याचे दुकान जाते. ‘आवडाबाई’ म्हटले तर तिचे नाव जाते, आणि तेही तिच्याच तोंडाने. तिने पदर सारखा केला.

“पूजेला तनुजा, पाटीवर आवडाबाई,” ती म्हणाली. “कागदावर कोणतं, ते आज ठरणार आहे. म्हणून तर मी बी आले.”

मॅडमनी हे लिहून घेतले नाही, पण पेन खाली ठेवले. मग राजेंद्रला विचारले, “बरं, समजा यांचं नाव आवडाबाई. आपल्या नावाने आपला धंदा करता येतो. तर धंदा यांचा आहे का?”

“हिचा?” राजेंद्र खुर्चीत सरळ झाला. “नाय नाय. धंदा माझा. गाळा, लायसन, समदं माझ्या नावावर हाये.”

जुनेद वकिलांनी डोळे मिटले.

“मग तुमच्या नावाने करा,” मॅडम म्हणाल्या. “नाही तर धंदा यांच्या नावावर करून द्या. आम्हाला दोन्ही चालेल. दहा मिनिटं घ्या.”

राजेंद्र बाहेर व्हरांड्यात गेला. कुटुंबवत्सल माणसाच्या आयुष्यातला तो अवघड प्रसंग होता. बायकोचे नाव स्वतःच्या मनाने बदलायला त्याला लग्नघाईत अर्धे मिनिट पुरले होते. पण स्वतःचे दुकान बायकोच्या नावावर करायचे, म्हणजे विचार नको का करायला? दहा मिनिटांपैकी त्याला दोनच लागली. आत येऊन तो म्हणाला, “नाव सोडलं.”

तडजोड लिहायला घेतली. प्रतिवादी, त्याचे कुटुंबीय, नोकर, वारस आणि त्यांच्यातर्फे वागणारे कोणीही ‘आवडाबाई’ हे नाव पाटी, पुडी, पावती, जाहिरात वा अन्य कोठेही लिखित अथवा मुद्रित स्वरूपात वापरणार नाहीत. वापरल्यास जबर नुकसानभरपाई. विश्वजीतनी मान डोलावली. मॅडमनी कागद सहीसाठी फिरवला.

“मॅडम,” तनुजा हळूच म्हणाली, “तोंडी राहिलं.”

“काय राहिलं?”

“तोंडी. घरात कुणी हाक मारली, गिऱ्हाइकानं ऐकली, तर कंपनीचं नुकसानच की.”

विश्वजीतना अशी सहकार्य करणारी प्रतिपक्षाची बाई उभ्या नोकरीत भेटली नव्हती. “बरोबर आहे!” ते म्हणाले. “उच्चारसुद्धा नको. घाला, घाला.”

“अन् ‘आवडा’ असं अर्धं बी,” तनुजा म्हणाली.

“तेही घाला.”

“अगं, तू कुणाकडून हायेस?” राजेंद्रने विचारले.

“कायद्याकडून,” ती म्हणाली, आणि सगळ्यांच्या आधी तिने सही केली. कागद हातात आला तसे जुनेद वकिलांनी सहीत ‘तनुजा’ वाचले. मग त्यांनी तो कागद अत्तराच्या बाटलीसारखा दोन्ही हातांनी पुढे दिला.

तेव्हापासून राजेंद्रच्या दुकानावर ‘मसाल्याचे दुकान’ अशी पाटी आहे. आत मसाले मिळतात. नाव आणि माल यांचा असा सरळ संबंध त्या गल्लीत प्रथमच आल्याने लोक थोडे बिचकतात, पण येसर घेऊन गेले की परत येतात. घरात तिला नुकसानभरपाईच्या भीतीने तनुजा म्हणतात. राजेंद्रची जीभ एकदा ‘आ’पाशी घसरली, तेव्हा त्याने घाईने जांभई देऊन वेळ मारून नेली. सासरी आलेल्या मुलीने आपले नाव राखावे म्हणून आजवर किती जणींनी रडून पाहिले, रुसून पाहिले. ते काम शेवटी एका मसाल्याच्या कंपनीने केले, आणि तेही स्वतःच्या फायद्यासाठी. हा प्रकार कळल्यापासून हळदीकुंकवाला आलेल्या बायका तिला बाजूला घेऊन विचारतात, “कंपनीचा पत्ता देता का?”

तडजोडीनंतरच्या आठवड्यात कडूबाई एकट्याच जुनेद वकिलांच्या कचेरीचा जिना चढून गेल्या. संकष्टी होती, पाणीसुद्धा घेतले नाही.

“वकीलसाहेब, माझं बी आधीचं नाव परत मिळंल का? कडू हे सासूनं ठेवलं, दृष्ट लागू नये म्हून.”

“आधीचं काय होतं, काकी?”

कडूबाई खुर्चीच्या काठावर बसल्या. पंखा फिरत होता. वकिलांनी दोन फायली बाजूला केल्या, एक फोन घेतला, परत ठेवला.

“रत्नमाला,” त्या शेवटी म्हणाल्या. म्हणून झाल्यावर त्यांनी मागे वळून पाहिले, कोणी आले की काय म्हणून.

वकिलांनी सगळे शोधले. त्या नावाची एकही कंपनी हरकत घ्यायला पुढे येण्यासारखी नव्हती. राजपत्रात नाव बदलून मिळाले असते, पण ते घरच्यांच्या तोंडी बसवायला कायद्याचा इलाज नव्हता.

राजेंद्रला हसायला वाचकांना आमची हरकत नाही. तो आहेच तसा. फक्त हा कागद खाली ठेवण्याआधी आपल्या आईचे लग्नाआधीचे नाव एकदा मोठ्याने म्हणावे. मामाला फोन न करता. चटकन ओठावर आले नाही तर लाजण्याचे कारण नाही. ते नाव नोंदणीकृत नव्हते. कोणी पुसले तेव्हा नोटीस आली नाही, आणि आपण विसरलो म्हणूनही येणार नाही.